न्यू मेक्सिको: नकाशा नंतर उघडा, आधी घड्याळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा डॅलसला, आई-बाबा पुण्याहून येणार, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. न्यूयॉर्क, नायगारा, लास वेगास मागच्या खेपेला झालं. हाताशी सहा दिवस आहेत. आईंचे गुडघे कुरकुरतात, बाबा कट्टर शाकाहारी. न्यू मेक्सिको म्हणजे नुसतं वाळवंट का? आणि गेलोच तर काय बघायचं, काय सोडायचं? सोबत रोझवेल आणि ‘ब्रेकिंग बॅड’ या गाजलेल्या मालिकेतलं घर, अशी यादीही जोडली आहे.

मी अल्बुकर्कीत राहतो आणि आपल्याकडून येणाऱ्या कुटुंबांना हे राज्य गाडीने दाखवणं हाच माझा व्यवसाय आहे. माझं उत्तर: जरूर आणा. पण एका दिवसात तीन-तीन ठिकाणं उरकायची सवय इथे घात करते. एकच जागा दुपारी बाराला रखरखीत वाटते आणि संध्याकाळी तिथून पाय निघत नाही. फुगे पहाटेचे, वाळू मावळतीची, वटवाघळं तिन्हीसांजेची. त्यामुळे आराखडा करताना मी आधी हे तास पक्के करतो आणि मधल्या वेळात प्रवास बसवतो. दुपार ही गाडीत बसायला, जेवायला नाहीतर झोपायला.

अंतरांचा अंदाज आधी घ्या. क्षेत्रफळाने हे राज्य महाराष्ट्राएवढं, किंचित मोठंच. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत २१ लाखांच्या आसपास, आणि त्यातलेही चाळीस टक्क्यांहून जास्त लोक अल्बुकर्कीच्या परिसरात. बाकी मुलूख मोकळा. टाकी अर्धी झाली की गॅस स्टेशन दिसेल तिथे भरून घ्यायची, नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवायचे. रेंज जाते ती तास-तास येत नाही.

दुसरी गोष्ट उंची. वाळवंट म्हटलं की लोक सपाट, सखल काहीतरी डोळ्यांसमोर आणतात. अल्बुकर्की साधारण १,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास. राजधानी सांता फे जवळजवळ २,२०० मीटरवर. अमेरिकेच्या पन्नास राजधान्यांत ती सर्वांत उंच आणि सर्वांत जुनीही, १६१० च्या सुमाराची. डॅलसहून विमानाने पावणेदोन तासांत इथे उतरायचं आणि त्याच संध्याकाळी रोपवेने ३,१०० मीटरवर जायचं, म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. पहिली रात्र अल्बुकर्कीतच काढा, तहान नसली तरी पाणी प्या, आणि बाबांना बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

तुमच्या तारखा फुग्यांच्या जत्रेच्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे की नाही कळलं नाही, पण नशीब काढलंत. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून नऊ दिवस इथे गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये तेरा फुग्यांनी सुरुवात झाली होती. आता पाचशेहून जास्त येतात. हे अल्बुकर्कीलाच का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. रात्रभर थंड झालेली जड हवा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे खाली सरकते आणि तिच्यावरच्या थरात वारा बहुधा उलटा, उत्तरेकडे वाहतो. वैमानिक खालच्या थरात दक्षिणेला जातो, बर्नर पेटवून वर चढतो आणि वरच्या वाऱ्यावर परत येतो. सगळं जुळलं तर उडाला त्या मैदानाजवळच उतरतो. इथले लोक याला ‘बॉक्स’ म्हणतात. ऊन तापलं की हवा ढवळली जाते आणि बॉक्स मोडतो, म्हणून सगळा खेळ पहाटेचा.

आई-बाबांना कुंपणाबाहेरून दाखवू नका, तिकीट काढून मैदानात न्या. बसायची जागा शोधत वेळही घालवू नका, सरळ फुग्यांच्या मधून चालत राहा. पहाटे थंडी कडक असते. स्वेटर, कानटोपी, सगळं लागतं. अंधारात जमिनीवर कापडाच्या लांबच लांब घड्या पसरलेल्या दिसतात. आधी मोठ्या पंख्याने आत गार हवा भरतात. कापड फडफडत, आडवंच फुगतं. तोंड माणसाच्या उंचीहून मोठं झालं की बर्नरची पहिली ज्वाळा आत सोडतात. आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, आणि चेहऱ्यावर भपकन ऊब येते. मग आडवी पडलेली टोपली हळूहळू उभी राहते आणि चार-पाच जण तिच्या कडेला लोंबकळून तिला धरून ठेवतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस शिट्टी फुंकतो, अंगठा वर करतो, लोक हात सोडतात, आणि टोपली तुमच्या खांद्यावरून निघून जाते. सगळे या माणसांना ‘झेब्रा’च म्हणतात. त्यांच्या इशाऱ्याशिवाय कोणी उडत नाही.

वारा जोराचा असला तर त्या दिवशीचं उड्डाण रद्द होतं, आणि ते पहाटेच कळतं. म्हणून फुग्यांसाठी लागोपाठ दोन सकाळी राखून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही डोक्यावरून जातात. गाडीने थेट मैदानावर जाण्यापेक्षा शहरातल्या ठरलेल्या पार्किंगमधून त्यांची बस घ्या. जाता जाता एक: फुग्यातून अटलांटिक महासागर पहिल्यांदा ओलांडला तो १९७८ साली, आणि ते तिघेही वैमानिक अल्बुकर्कीचेच होते. मायक्रोसॉफ्टही १९७५ साली याच गावात सुरू झाली आणि चार वर्षांत वॉशिंग्टन राज्यात निघून गेली, ही हळहळ इथले जुने लोक अजून बोलून दाखवतात.

फुगे बघितले त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी झोपायचं. सूर्यास्ताच्या दीड तास आधी सँडिया डोंगराचा रोपवे पकडायचा. पाळणा पंधरा मिनिटांत वर नेतो, पायऱ्या जवळजवळ नाहीत. वर तापमान शहरापेक्षा बरंच कमी असतं, पहाटेचे स्वेटर गाडीतच राहू द्या.

तिसरा आणि चौथा दिवस उत्तरेला, मुक्काम सांता फे. अल्बुकर्कीहून तासाभराचा रस्ता. रेल्वेही आहे; रोडरनर हा इथला राज्यपक्षी, त्याच्यावरून गाडीचं नाव रेल रनर, आणि दारं बंद होताना ती कार्टूनमधल्यासारखं ‘मीप मीप’ करते. नातवंडं बरोबर असतील तर तेवढ्यासाठी एक फेरी करा.

सांता फेच्या चौकात पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स ही बुटकी, लांबलचक मातीची इमारत आहे. तिच्या पडवीत रोज मूळनिवासी कारागीर जमिनीवर कापड पसरून चांदीचे आणि फिरोजाचे दागिने मांडतात. खरेदी तिथेच करा. विकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्याने स्वतः घडवलेली वस्तूच तिथे विकायची असा नियम आहे. चौकाच्या आजूबाजूच्या दुकानांत फिरोजाच्या नावाखाली रंगवलेला दगडही खपतो.

याच इमारतीला १६८० साली वेढा पडला होता, आणि ही गोष्ट आई-बाबांना चौकातच बसून सांगा. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या स्पॅनिशांनी मातीच्या गावांत राहणाऱ्या मूळनिवासी प्वेब्लो लोकांच्या पूजाविधींवर बंदी घातली, त्यांच्या पुढाऱ्यांना फटके मारले. फटके खाल्लेल्यांपैकी एक पोपे. त्याने एकमेकांची भाषाही न कळणाऱ्या, शेकडो मैल पसरलेल्या गावांना एकाच दिवशी उठवायचं ठरवलं. लिपी नाही, घोडे नाहीत. त्याने धावपटूंच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठाव. दोन धावपटू पकडले गेले, तेव्हा उठाव ठरल्याच्या आधीच करावा लागला, तरी स्पॅनिशांना राज्य सोडून एल पासोकडे पळावं लागलं. बारा वर्षं ते परत येऊ शकले नाहीत. आज न्यू मेक्सिकोत या लोकांची १९ गावं, म्हणजे प्वेब्लो, टिकून आहेत, त्यांच्या भाषांसकट. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये राज्याच्या वतीने ठेवलेल्या दोन पुतळ्यांपैकी एक पोपेचा आहे, हातात दोरी धरलेला.

टाओस प्वेब्लो बघायचं ते या पार्श्वभूमीवर. सुमारे हजार वर्षं माणसांनी सलग राहतं ठेवलेलं हे गाव, १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत. माती, पेंढा आणि पाणी मळून पाडलेल्या, उन्हात वाळवलेल्या विटा, वर लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि मातीचा थर. मराठवाड्यातलं किंवा सोलापूरकडचं माळवदाचं घर पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. फक्त इथे माळवदावर माळवद असे चार-पाच मजले चढले आहेत. पावसाने आणि बर्फाने भिंती झिजतात, त्यामुळे मातीचा हात दरवर्षी द्यावाच लागतो. जुन्या गावात आजही वीज नाही, नळ नाही. मधून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी. तो ओढा ज्या ब्लू लेकमधून येतो ते त्यांचं तीर्थ. १९०६ साली सरकारने तो डोंगर जंगलखात्यात घातला आणि १९७० साली, चौसष्ट वर्षं भांडल्यावर, ४८,००० एकर परत दिले. पैशाची भरपाई घ्या असं त्यांना सुचवलं गेलं होतं, ती त्यांनी घेतली नाही.

तिथले नियम पाळा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, स्मशानात पाऊल नाही, शिड्यांवर चढायचं नाही, पाटी लावलेल्या घरांत डोकवायचं नाही. धार्मिक कारणांसाठी गाव पाहुण्यांना अधूनमधून बंद असतं, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. गावातली जमीन सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही.

सांता फेहून टाओसला जाताना डोंगरातला चिमायोचा रस्ता घ्या. तिथे १८१६ चं एक छोटं चर्च आहे. आतल्या खोलीत जमिनीत एक खळगा. त्यातली माती लोक चिमूटभर घरी नेतात, शेजारच्या खोलीत बऱ्या झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या टांगलेल्या. गुड फ्रायडेला हजारो लोक इथे पायी येतात. आणि टाओसमध्ये नीम करोली बाबांचा आश्रम आहे, त्यात संगमरवरी, झेप घेणारा मारुती. इतक्या दूर वाळवंटी पठारावर मारुतीसमोर उभं राहिल्यावर पुण्याचे बाबा काय म्हणतील ते मला माहीत आहे, जवळपास सगळे तेच म्हणतात: ‘इथेसुद्धा?’

पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला ते लॉस अलामॉस सांता फेपासून पाऊण तासावर आहे. ओपेनहायमर आणि गीतेबद्दल आता सर्वांनाच माहिती झाली आहे, त्यामुळे मी वेगळंच सांगतो. युद्धकाळात या गावाला पत्ताच नव्हता. सगळी टपाल सांता फेच्या पोस्टातल्या १६६३ क्रमांकाच्या पेटीत यायची, आणि तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणूनही तीच पेटी लिहिली जायची. ब्रॅडबरी विज्ञान संग्रहालय फुकट आहे, दीड तास पुरतो. बॉम्बची १६ जुलै १९४५ ची पहिली चाचणी मात्र इथे झाली नाही, ती दक्षिणेला ट्रिनिटीला. ती जागा लष्कराच्या हद्दीत आहे आणि वर्षातून एखाद-दोन दिवसच उघडते. तिच्यासाठी सहल आखू नका.

पाचवा दिवस व्हाइट सँड्स या पांढऱ्या वाळूच्या राष्ट्रीय उद्यानाचा, आणि माझ्या मते सगळ्या राज्याचं सार इथे आहे. सांता फेहून सकाळी निघालात तर चार तासांत उद्यानाजवळचं आलामोगोर्डो गाव. जेवा, आराम करा, चारनंतर उद्यानात शिरा. ही वाळू म्हणजे जिप्सम, गणपतीच्या मूर्तींचं पीओपी ज्यापासून करतात तेच. जिप्सम पाण्यात विरघळतो, म्हणून त्याची वाळू सहसा टिकतच नाही. पावसाबरोबर नदीत, नदीतून समुद्रात. इथल्या खोऱ्याला मात्र समुद्राकडे वाटच नाही. डोंगरातून विरघळून आलेला जिप्सम तळ्यात साचतो, पाणी उडून जातं, उरलेले स्फटिक वारा फोडतो, दळतो आणि टेकड्या रचतो. सुमारे ७०० चौरस किलोमीटर, जगात एवढा मोठा जिप्समचा पसारा दुसरीकडे नाही.

चपला काढा. ही वाळू उन्हातही तापत नाही, हे पायांना कळल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही. सूर्य खाली गेला की वाऱ्याने काढलेली प्रत्येक रेघ सावली धरते. आधी टेकड्या लोणी रंगाच्या होतात, मग गुलाबी, आणि सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं निळ्या. बहुतेक पर्यटक सूर्य बुडाला की लगेच गाडीकडे पळतात आणि ती दहा मिनिटं गमावतात. अर्थात उद्यान बंद व्हायची वेळ प्रवेशद्वारावर लिहिलेली असते, ती पाळा. आईंसाठी लाकडी फळ्यांची एक सपाट वाट आहे. बाबांना प्लास्टिकची तबकडी घेऊन घसरू द्या, तळाला मेण लावायला विसरू नका. पाणी फक्त प्रवेशाजवळ मिळतं. उन्हाळ्यात पाण्याविना आत भरकटून इथे माणसं दगावली आहेत.

याच सुकलेल्या तळ्याच्या काठाला माणसांच्या पाऊलखुणा सापडल्या. २०२१ साली त्यांचं वय २१,००० ते २३,००० वर्षं असल्याचं प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत माणूस कधी आला याचा सगळा हिशेब हलला. त्या खुणा पर्यटकांना दाखवत नाहीत. दिसलाच तर ऑरिक्स दिसेल: लांब सरळ शिंगांचं हे आफ्रिकी हरीण शिकारीसाठी म्हणून १९६९ ते १९७७ दरम्यान सोडलं, शंभरही नव्हते. सिंह नाहीत, तेव्हा त्यांचे हजारो झाले. आणि आजूबाजूला क्षेपणास्त्रांची चाचणी असली की रस्ता काही तास बंद होतो. आदल्या दिवशी बघून घ्या.

सहावा दिवस कार्ल्सबॅडच्या गुहांचा. आलामोगोर्डोहून तीन-साडेतीन तास. बहुतेक चुनखडीच्या गुहा पावसाच्या पाण्याने कोरल्या जातात. ही कोरली गंधकाम्लाने. खालच्या तेलसाठ्यांतला हायड्रोजन सल्फाइड वर आला, पाण्यात मिसळला आणि खडक आतून खाल्ला गेला. चालत उतरायची नैसर्गिक वाट सुमारे ७५० फूट खाली जाते. आईंना ती नको. लिफ्टने थेट तळाला जा, मोठ्या दालनातली वाट पक्की आहे. निघण्याआधी लिफ्ट चालू आहे ना ते बघा, अधूनमधून ती दुरुस्तीला असते. आत बारा महिने १३ अंश. प्रवेशाची वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते, दुपारची घ्या, म्हणजे बाहेर आलात की तिन्हीसांजेला गुहेच्या तोंडाशी बसता येईल. ऑक्टोबरमध्ये वटवाघळं मेक्सिकोकडे निघायच्या बेतात असतात, तरी बऱ्याचदा मिळतात: गरागरा वर्तुळं घेत धुरासारखी बाहेर पडतात. फोन, कॅमेरा काहीही चालत नाही, आणि लोक खरोखर गप्प बसतात. हॉटेल लवकर बुक करा. तेल कंपन्यांच्या कामगारांमुळे कार्ल्सबॅडचे दर अवाच्या सवा असतात.

बाबा इंजिनिअर असतील तर कार्ल्सबॅड सोडून सोकोरोच्या पश्चिमेची व्हीएलए ही रेडिओ दुर्बीण बघा. २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, वाय आकारात, रुळांवर सरकणाऱ्या. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीचीही मांडणी वायचीच. तिथे ४५ मीटरच्या ३० तबकड्या, जागच्या जागी. खोडद पाहिलेल्या माणसाला रुळांवरची तबकडी बघून फार आनंद होतो.

रोझवेलला जायचं तर उडत्या तबकड्यांच्या दुकानांसाठी जाऊ नका. रॉबर्ट गॉडार्डने १९३० नंतर अग्निबाणांचे प्रयोग रोझवेलजवळ केले, तिथल्या संग्रहालयात मांडलेली त्याची कार्यशाळा खरी बघण्यासारखी होती, पण २०२४ च्या पुरात संग्रहालयाचं मोठं नुकसान झालं. तरी तुमच्या सहा दिवसांत ते बसत नाही. मालिकेतलं ते घर तर पूर्ण सोडा. ते खासगी घर आहे, आणि मालिकेतल्यासारखा पर्यटक छतावर पिझ्झा फेकायला लागल्यावर मालकांना कुंपण घालावं लागलं. ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस या गावावरून जाल तर पाटीचा फोटो काढा. १९५० साली एका रेडिओ कार्यक्रमाचं नाव घ्यायला गावाने होकार दिला आणि अजून तेच चालू आहे.

आता बाबांचं जेवण. इथे सगळं मिरचीवर चालतं. ‘रेड ऑर ग्रीन?’ हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, आणि २०२३ पासून भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास हा राज्याचा अधिकृत वास. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. पण शाकाहाऱ्यांनी सावध राहावं: बीन्समध्ये डुकराची चरबी म्हणजे लार्ड असू शकते, लाल मिरचीच्या रश्शात मांसाचा अंश असू शकतो, आणि बिस्कोचितो हे राज्याचं बिस्किट पारंपरिक पद्धतीने लार्डमध्येच करतात. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढ्याने भागत नाही. ‘लार्ड नाही ना, चिकन किंवा बीफ ब्रॉथ नाही ना?’ असं नाव घेऊन विचारा. सोपापिया, म्हणजे पुरीसारखी फुगलेली इथली तळलेली पोळी, तळतात कशात तेही विचारा. तेलात असेल तर मधाबरोबर बाबांना आवडेल.

शेवटचं, आणि हे विसरू नका. व्हाइट सँड्सहून लास क्रूसेसकडे जाताना, तसंच दक्षिणेच्या इतर काही महामार्गांवर, सीमा गस्तीची चौकी लागते. मेक्सिकोत गेलेले नसलात तरी गाडी थांबवतात, दोन प्रश्न विचारतात, कागद बघतात. आई-बाबांचे पासपोर्ट आणि व्हिसा, तुमची स्वतःची कागदपत्रं, सगळं मूळ प्रतींत आईंच्या पर्समध्ये असू द्या. डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नको.